पहिल्या मुक्कामाचा मान

भामाबाईचा आवाज आधी येतो, मग धूळ दिसते आणि मग मेंढरं, असं गोंदवाडीची माणसं सांगतात. त्यात खोटं काही नाही. बाई म्हसवडकडच्या माळावर वाढलेली. तिकडं एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीला निरोप द्यायचा तर ओरडूनच द्यायचा. आता तिच्याकडं मोबाईल आहे, पण त्यातही ती अशी बोलते की फोन नसता तरी पलीकडच्याला ऐकू गेलं असतं. नवरा सिद्धू तिच्या अगदी उलट. त्याच्या तोंडून दिवसाकाठी दोनच शब्द निघतात, 'व्हय' आणि 'बरं', आणि तेही बहुतेक मेंढरांना उद्देशून. देवानं त्या घराला बोलण्याचा जेवढा वाटा दिला होता तो भामाबाईनं एकटीनंच उचलला.

होळी झाली की दोघं कळप घेऊन निघतात. औंधला यमाईच्या डोंगराकडं बघून लांबूनच हात जोडायचे आणि कृष्णाकाठाला उतरायचं. मलकापूर मागं टाकलं की थोड्याच अंतरावर गोंदवाडी. इथली माती काळी आणि माणसं खाऊनपिऊन सुखी. सोयाबीन निघालं की हरभरा, हरभरा निघाला की रान मोकळं. त्या मोकळ्या रानात मेंढरं बसवायची. दिवसभर मेंढरं चरतात आणि सांजेला ज्याची पाळी असेल त्याच्या रानात चारी बाजूंनी मेखा ठोकून वाघर, म्हणजे जाळी, लावायची आणि कळप आत घ्यायचा. उजाडेपर्यंत लेंडीखत आपोआप रानभर. बदल्यात शेतकरी ज्वारी देतो, गहू देतो, गूळ देतो आणि भामाबाईच्या चार शिव्या फुकट ऐकतो.

पाळी मात्र वाटेल तशी लागत नाही. पहिला मुक्काम जोतिबा सुभेदारांच्या रानात, हे ठरलेलं. बाहत्तरच्या दुष्काळात सिद्धूचा बाप मेंढरं घेऊन इकडं उतरला तेव्हा गावोगाव लोक विहिरीवर काठ्या घेऊन उभे होते. सुभेदारांच्या वडिलांनी तेवढी मोट सोडली आणि म्हणाले, "मुकं जनावर हाय, पिऊ दे." तेव्हापासून गोंदवाडीत पहिला मुक्काम त्या घराचा. मग दादासोचं रान, मग भाऊसोचं, मग गुंडाची पट्टी. लग्न झाल्यापासून भामाबाई ही ओळ पाळत आली होती. झोपेत विचारली असती तरी सांगितली असती.

तीन वर्षांमागं ती अशीच पहिल्या मुक्कामाला आली, तर सुभेदारांच्या रानाच्या खालच्या कोपऱ्यातला हरभरा घाटे भरायच्या आधीच वाळून गेलेला. सुभेदारांनी ती वाळकी झाडं उपटून बांधावर ढीग घातला होता. फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस. रडणं त्यांच्या अंगात नाही. "कोपरा कमजोर पडलाय," एवढंच म्हणाले. भामाबाईला मात्र भरून आलं. ज्या घराचं पाणी प्यायलं त्या घराचं रान असं उघडं पडावं? तिनं लगेच वाघर त्या कोपऱ्यात आखडून लावली, एका मुक्कामाच्या जागी तीन केले आणि बांधावरचा ढीगही मेंढरांनाच घातला. वाया कशाला घालवायचा? निघायच्या सकाळी वळवाची एक जोरदार सर आली. चिखलाचे बूट घातलेली मेंढरं बांध ओलांडून दादासोच्या रानात गेली, आणि भामाबाई मोठ्या समाधानानं त्यांच्या मागून गेली. आपण कुणाचं तरी भलं केलं की तिची चाल जरा झोकदार होते.

पुढच्या वर्षी दादासोच्या रानात हरभरा वाळला. त्याच्या पुढच्या वर्षी भाऊसोच्या. आणि यंदा संक्रांत होते न होते तोच दादासोचा फोन आला.

"मावशी, यंदा आमच्या गावाकडं मेंढरं आणू नगा."

"का रं? लगीन हाय का काय कुणाचं?"

"चेष्टा न्हाई. तुमची मेंढरं जितं बसली तितला हरभरा मराय लागलाय. गावाचा इचार झालाय. राग मानू नगा."

राग मानू नगा म्हटल्यावर भामाबाईनं जो मानला तो सगळ्या वस्तीनं ऐकला. फोन बंद झाल्यावरही ती बराच वेळ बोलत होती. बोलून बोलून दमली तेव्हा खाली बसली आणि सिद्धूकडं बघून म्हणाली, "गोंदवाडी तुटली तर मग आपलं त्या मुलखात कोण हाय वो?" तिथं तिची दोन बाळंतपणं झाली होती. सासरा गेला तेव्हा खांदा द्यायला गोंदवाडीची माणसं आली होती. धान्य दुसऱ्या गावातही मिळालं असतं, पण गोंदवाडी दुसरी मिळाली नसती.

"व्हय," सिद्धू म्हणाला. पण या वेळी तो शब्द मेंढरांना उद्देशून नव्हता.

सकाळच्या एस्टीनं भामाबाई निघाली. मेंढरांशिवाय गोंदवाडीत पाऊल टाकायची ही पहिलीच वेळ. डोक्यावर पदर नसल्यासारखं तिला वाटत होतं. वाटेत तिनं भांडणाची सगळी तयारी केली. दादासोला काय म्हणायचं, त्याच्या बापाचं काय काढायचं, कुठं थांबून श्वास घ्यायचा, सगळं ठरलं होतं.

दादासो रानातच भेटला. त्याच्याजवळ एक पोरगी उकिडवी बसून खुरपीनं हरभऱ्याचं झाड उकरत होती. ती शिवांजली, गावाची नवी कृषी सहायक, तासगावच्या द्राक्षवाल्या घरातली. दादासोनं कालच तिला बोलावलं होतं. हरभरा फुलात होता. मधेमधे झाडं मान टाकून उभी होती, पानं हिरवीच, पण निस्तेज.

"ह्याच का मेंढरंवाल्या?" शिवांजलीनं विचारलं.

"व्हय, म्याच ती!" भामाबाईनं पदर खोचला. "आन् तू कोण गं? माझी मेंढरं खत घालत्यात का इख घालत्यात, ते तू सांगणार व्हय? बिरदेवाची आण घेऊन सांगते, माज्या लेंडीनं आजवर..."

"आजी, आधी हे बघा, मग भांडा. मी कुठं पळून जात नाही."

भांडायची परवानगी मागून मिळत नसते, ती घ्यायची असते. आयती मिळाल्यावर भामाबाईचा जोर अर्धा झाला. शिवांजलीनं झाड मुळासकट वर काढलं आणि बुंधा नखानं उभा चिरला. आत, अगदी मधोमध, तपकिरी काळी रेघ होती. मग तिनं शेजारचं धड झाड चिरलं. ते आतून पांढरंस्वच्छ होतं.

"हा मर रोग. जमिनीतली बुरशी आहे. मुळातून आत शिरते आणि पाणी वर चढायच्या नळ्या बुजवून टाकते. रानात ओल आहे, पण झाडाला प्यायला मिळत नाही. तहानेनं मरतं बिचारं."

भामाबाई आता उकिडवी बसली होती. तहान म्हटलं की माळावरच्या माणसाचं लक्ष आपोआप जातं. "मग हरभरा काढल्यावर ही बया बी मरत आसंल की. उन्हाळाभर रान तापतंय."

"तिथंच तर घोटाळा आहे. जाड कवच करून मातीत निजून राहते. हरभरा नसला तरी पाच-सहा वर्षं जिवंत. वाळक्या काडीत, मुळाच्या तुकड्यात लपते. कधीतरी हरभऱ्याचं मूळ जवळ आलं की जागी होते."

"गोचिडावाणी," भामाबाई म्हणाली. "भिताडाच्या फटीत बसतंय. न खाता न पिता. मेंढराचा वास आला की बाहीर."

"अगदी तसंच!" शिवांजली हसली आणि दादासोकडं वळली. "पहिल्यांदा कुणाच्या रानात दिसला हा?"

"सुभेदारांच्यात. मग माज्यात. मग भाऊसोच्यात. आन् आता गुंडाच्या पट्टीत बी चार झाडं..."

दादासो बोलत होता आणि त्याच्या बरोबरीनं भामाबाईचे ओठ हलत होते. गुंडाचं नाव आलं तेव्हा ते थांबले. एस्टीत पाठ केलेलं सगळं भांडण कुठल्या कुठं गेलं. ही तिचीच ओळ होती. मानाची ओळ. त्याच ओळीनं रोग गावभर फिरला होता, बांध ओलांडत, तिच्या पुढून की मागून कुणास ठाऊक, पण तिच्याबरोबर.

मग तिनं तो कोपरा, ते जादा मुक्काम, तो बांधावरचा ढीग, तो चिखल, सगळं सांगून टाकलं. एवढ्या हळू आवाजात तिला बोलताना दादासोनं कधी ऐकलं नव्हतं. त्याला उगाच वाटलं, बाई आजारी आहे.

"वाळकी झाडं चारलीत? काड्या लोकरीत अडकल्या असणार, खुराला माती, मेखांना ढेकळं," शिवांजली म्हणाली. "पोटातून गेली तरी सगळी बुरशी मरेल असंही नाही. पण आजी, सगळं तुमच्या माथी मारू नका. ट्रॅक्टरच्या फाळालाही माती चिकटते. पावसाचं पाणी वरच्या रानातून खालच्या रानात जातं. घरचंच बी वर्षानुवर्षं पेरता, त्यातूनही येतो. दादासो, तुमचा ट्रॅक्टर आधी कुणाच्या रानात जातो?"

दादासोनं आभाळाकडं बघितलं. आभाळात काही नव्हतं. "सुभेदारांच्या," तो म्हणाला. "गावात समदंच त्यांच्यापास्नं सुरू हुतंय."

भामाबाईचा आवाज लगेच परत आला. "आसं का रं गाबड्या! आन् मेंढरांना गावबंदी! ट्रॅक्टरला बोलता येत न्हाई म्हणून मेंढरांवर आळ व्हय?"

"मेंढरं कुठं बोलत्यात?" दादासो पुटपुटला.

"त्यांच्या वतीनं म्या हाय न्हवं!"

शिवांजलीनं उपाय सांगितले. रोगट झाडं उपटून जाळायची, जनावरांना घालायची नाहीत, उकिरड्यावर टाकायची नाहीत. मर न लागणाऱ्या वाणाचं बी आणायचं, त्याला ट्रायकोडर्मा चोळायचं. तीही बुरशीच, पण आपल्या बाजूची. जास्त बिघडलेल्या रानात काही वर्षं हरभरा नको, ज्वारी घ्यायची. आणि मेंढरं असोत की ट्रॅक्टर, आधी धड रानात जायचं, रोगट रानात शेवटी. तिथून निघाल्यावर फाळ, मेखा, वाघर सगळं झाडून, धुऊन घ्यायचं. दादासोलाही ते पटलं. तो म्हणाला, "सुभेदार शेवटी गेलं तर मेंढरं येऊ द्यात. गावाला मी सांगतो. पर सुभेदारांना सांगायचं काम आपलं न्हाई. त्यांच्या समोर माजी जीभ टाळूला चिकटती."

शिवांजलीनं जाऊन सांगितलं. चिरलेलं झाड दाखवलं, सगळं समजावलं. सुभेदारांनी शांतपणे ऐकलं, तिला चहा पाजला आणि निरोप पाठवला: पहिला मुक्काम आमच्या रानात नसेल तर गोंदवाडीत मेंढरू दिसता कामा नये.

झालं. एकीकडं गाव म्हणतं, सुभेदार पहिले असतील तर आमच्या रानात येऊ नका. दुसरीकडं सुभेदार म्हणतात, मी पहिला नसेन तर गावात येऊ नका. भामाबाईनं परतीची एस्टी सोडली आणि सुभेदारांच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

सुभेदार खुर्चीत ताठ बसले होते. सत्तरी ओलांडली तरी पाठीला बाक नाही. आत स्वयंपाकघरात त्यांची बायको अंबूबाई भांड्यांचा जरा जास्तच आवाज करत होती, म्हणजे ऐकत होती.

"आलीस? तू बी तेच सांगाय आलीस?" सुभेदार म्हणाले. "जोतिबाला पिछाडीला टाका! माज्या बापानं मोट सोडली तवा कुटं व्हतं हे समदं गाव? लाइनीत पुढं उभा केलेला जवान मागं कवा घेत्यात ठावं हाय का? गुन्हा केल्यावर!"

"आवं, गुन्हा म्या केलाय," भामाबाई म्हणाली आणि जमिनीवर बसली. "रोग तुमच्या रानात निघाला, त्यात तुमी काय करणार? पर त्याला गावभर मिरवत नेला म्याच. तुमच्या मायेपोटी त्या कोपऱ्यात जादा बसवली, वाळकं चारलं. तुमाला वाटतंय गाव तुमाला मागं टाकतंय. गावाचं काय घेऊन बसलाय, माज्या मेंढरांनी तुमच्या नावानं तीन रानं बुडवली. मानाच्या घराचं नाव रोगाला लागावं, हे मला बघवंना."

सुभेदारांचा राग वाद घालणाऱ्यावर चालायचा. कबूल करणाऱ्याचं काय करायचं हे त्यांना फौजेत कुणी शिकवलं नव्हतं.

"एक इचारू का?" भामाबाई म्हणाली. "नातीच्या लग्नात पहिल्या पंगतीला कोण बसलं?"

"पाव्हणं. त्यात इचारायचं काय?"

"आन् तुमी?"

"मी कसा बसंन? घरचा माणूस. मी वाढाय व्हतो. समद्यांची जेवणं झाल्यावर बसलो शेवटच्या पंगतीला."

"तवा तुमाला कुणी पिछाडीला टाकलं व्हतं का?"

भांड्यांचा आवाज थांबला.

"इतकी वर्सं आमी तुमाला पहिल्या पंगतीला बसवलं," भामाबाई म्हणाली, "म्हंजे पाव्हणंच समजून बसवलं की वो. उपकाराची भीड व्हती. ते उपकार फिटायचं न्हाईत, ते ऱ्हाऊ द्यात. पर आता मला म्हातारीला पाव्हण्याच्या दारात येऊन बसायचा कंटाळा आलाय. गाव जेवू द्या आधी. घरची माणसं मागनं बसतील."

दारात अंबूबाई येऊन उभी होती. तीच म्हणाली, "आन् शेवटच्या पंगतीला उठा उठा म्हणणारं बी कुणी नसतंय. मेंढरं बसतील की हवी तितकी."

सुभेदारांनी घसा खाकरला. "फौजेत बी," ते म्हणाले, "आधी जवान जेवत्यात. साहेब शेवटी." मग आवाज चढवून, जणू समोर पलटण उभी आहे, "दादासोला सांगा, माजा हुकूम हाय. मेंढरं आधी गावाच्या रानात!"

दुसऱ्या दिवसापासून गावभर हीच बातमी होती की सुभेदारांनी एक नवी पद्धत काढली आहे. शिवांजलीनं हे ऐकलं आणि शहाणपणानं गप्प बसली. भामाबाईला गप्प बसणं जमत नाही, पण या एका गोष्टीत तिनं ते जमवलं. तेवढ्या दिवसांत तिची जीभ चावून चावून दुखायला लागली असेल.

होळीनंतर मेंढरं आली. गावाच्या वरच्या अंगाला ज्या रानांत मर शिरलीच नव्हती तिथून सुरुवात झाली. मग गुंडाची पट्टी, मग भाऊसो, मग दादासो. दरवेळी निघताना मेखा धुवायच्या, वाघर झटकायची आणि कळप दिवसभर खडकाळ माळावर फिरवून मगच पुढच्या रानात घ्यायचा. सिद्धूनं हे काम असं मन लावून केलं की एकदा चक्क तिसरा शब्द बोलला: "सोच्छ." दादासो आपल्या ट्रॅक्टरचे फाळ पाण्याच्या फवाऱ्यानं धूत होता आणि येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवत होता. सुभेदार रोज पांढरी टोपी घालून ज्याच्या रानात मुक्काम त्याच्या बांधावर हजर. मेखा सरळ रेषेत नाही म्हणून त्यांनी दोनदा वाघर काढून पुन्हा लावायला लावली.

शेवटी त्यांचं रान आलं. खालचा रोगट कोपरा वाघरीच्या बाहेर ठेवला. तिथं आता ज्वारी घ्यायची होती. रोग काही गेला नव्हता. तो मातीत निजलेला होता आणि अजून काही वर्षं तसाच निजणार होता. फक्त त्याला बांध ओलांडून द्यायला आता कुणी नव्हतं. मेंढरं आत गेली. पुढं उभं राहून पाळीची घाई करणारा शेतकरी या वेळी नव्हता. बांधावर सुभेदार एकटेच होते आणि त्यांना ते आवडल्यासारखं दिसत होतं.

दर वर्षी पहिल्या मुक्कामाला अंबूबाई ओसरीवर पाट मांडायची, पुरणपोळी वाढायची आणि सिद्धू नि भामाबाई अंग चोरून जेवायची, भामाबाई पदराला हात पुसत, नको नको म्हणत. त्या सवयीनं भामाबाई दुपारी ओसरीवर येऊन बसली. पाट नव्हता. पान नव्हतं. ती जरा चपापली.

आतून अंबूबाईचा आवाज आला, "तितं काय बसलीस पाव्हण्यावाणी? आत ये. पीठ मळून ठेवलंय, भाकरी थाप. समद्यांची जेवणं व्हायची हायती, मग आपुन बसू."

इतक्या वर्षांत भामाबाईनं त्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. कुणी अडवलं नव्हतं, पण कुणी बोलावलंही नव्हतं. ती उठली, हात धुतले, आत गेली आणि परातीपुढं बसून भाकरी थापायला लागली. पहिली बरी झाली. दुसरी करपली, कारण तिला तवा नीट दिसत नव्हता; आणि सुभेदारांच्या घरात गॅस होता, त्यामुळं डोळ्यांत धूर गेला असंही म्हणता येईना.